विधीपुरते यजमान

जबलपुरात त्या काळी भली माणसं फार होती. वकील, डॉक्टर, हेडमास्तर, कचेरीतले मोठे कारकून. सगळे शिकलेले, सगळे देवाधर्माचे, आणि गरिबांचा कळवळा तर विचारूच नका. त्यांच्यापैकी कोणी जाणूनबुजून कुणाचं वाईट केलं असेल असं मला वाटत नाही. माझ्या आईचं घर त्यांनीच बांधलं आणि त्यांनीच ते तिच्या हातून जाऊ दिलं. दोन्ही वेळा आईने त्यांचे आभार मानले. मी आता म्हातारी झाले आहे आणि मला कुणाचे आभार मानायचे नाहीत, तेव्हा झालं ते सरळ सांगते.

मध्यप्रांताचा काळ होता तो. कचेऱ्यांचे हुकूम नागपूरहून यायचे, घरात मराठी चालायची आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. माझे वडील एका छापखान्यात खिळे जुळवायचे. मी लहान असतानाच ते विषमज्वराने गेले. मागे राहिलो आई आणि मी. आई चार घरी स्वयंपाकाला जाऊ लागली, आणि आम्ही सराफ्यात एका सोनाराच्या दुकानामागे खोली घेतली. खोली म्हणायची आपली. खरं तर ती वरच्या मजल्याकडे जायची वाट होती. जिना आमच्या खोलीतून चढायचा. सोनाराच्या घरचे, त्यांचे पाहुणे, दूधवाला, कारागीर, सगळे दिवसभर आमच्यातून जायचे-यायचे. आई जेवायला बसली असली तरी, "बाई, तनक सरको, निकल जान दो," म्हणून ताट उचलायला लावायचे. तिला लुगडं बदलायचं तर मी चादर ताणून उभी राहायची. दाराला कडी होती, पण ती लावायची सोय नव्हती. इतकंच काय, त्या खोलीतला केरही आमचा नव्हता. त्यात सोन्याचे कण असतील म्हणून सोनाराचा माणूस रोज येऊन तो झाडून न्यायचा.

आई कधी कुरकुर करायची नाही. मला त्याचाच राग यायचा. "डोक्यावर छप्पर आहे ना," एवढंच म्हणायची. पण तिला काय पाहिजे होतं ते मला ठाऊक होतं. तिला एक दार पाहिजे होतं, जे आपल्याला हवं तेव्हा आपण लावावं आणि बाहेरच्याने वाजवावं. त्यापलीकडे तिने देवाकडे काही मागितल्याचं मी ऐकलेलं नाही.

ती ज्या घरांत स्वयंपाक करायची त्यांत एक वकीलसाहेबांचं घर होतं. गोरेपान, भरदार, आवाज असा की कोर्टात बोलले तर रस्त्यावर ऐकू यावं. आमच्या मराठी मंडळाचे तेच अध्यक्ष. एका गणपतीत भाषण करताना त्यांनी जाहीर केलं की मंडळ आता नुसती नाटकं आणि कीर्तनं करणार नाही, गरीब मराठी कुटुंबांसाठी घरं बांधणार आहे. मजुरांवर फार खर्च करायचा नाही, सुशिक्षितांनी स्वतः हातात घमेलं घ्यायचं. एका मालगुजाराने मदन महालाकडची जमीन दान दिली होती. बोलता बोलता वकीलसाहेबांचे डोळे भरून आले. बायकांच्या बाजूला, अगदी मागे, आई बसली होती. तिच्याकडे हात करून ते म्हणाले, "यातलं पहिलं घर या आमच्या भगिनीचं!" केवढ्या टाळ्या पडल्या. आईने बसल्या जागीच हात जोडले आणि मग बराच वेळ ते खाली घ्यायचं तिला सुचलं नाही.

दान दिलेली जमीन म्हणजे नुसते खडक. नांगर चालत नव्हता म्हणून मालगुजार उदार झाला होता, हे तिथे गेल्यावर कळलं. स्टेशन मागे टाकून पायवाटेने जावं लागायचं. पण मंडळाचा उत्साह दांडगा. दर रविवारी सकाळी टांगे भरभरून माणसं यायची. स्वच्छ धोतरं, टोप्या, खांद्यावर टॉवेल. डॉक्टर विटा वाहायचे, एका वेळी तीन. हेडमास्तर कुदळ मारायचे आणि दर चार घावांनंतर तळहात बघायचे. वकीलसाहेब स्वतः काम करत नसत, पण उभं राहून सगळ्यांना हुरूप द्यायचे. एकदा कमानिया गेटकडचा फोटोवाला बोलावला होता. त्या दिवशी वकीलसाहेबांनीही घमेलं डोक्यावर घेतलं. फोटो निघेस्तोवर ते डोक्यावर होतं.

हसू येतं, पण खोटं नाही बोलणार, भिंती उभ्या राहिल्या त्या याच लोकांमुळे. पैसा त्यांनी जमवला, चुना-विटा आणल्या, एका निवृत्त ओवरसियरला पकडून नकाशा काढून घेतला. आणि ज्यांना घरं मिळणार त्यांनी आपला घाम घालायचा, अशी अट घातली. अट चांगलीच होती. फिटर, शिंपी, कोर्टातला चपराशी, छापखान्यातले वडिलांचे सोबती, सगळे आपापल्या बायकांसकट राबायचे. आईच्या घरी पुरुष नाही म्हणून आईने दोन माणसांचं काम अंगावर घेतलं. ती पाणी वाहायची, मातीचा गारा तुडवायची, आणि वर सगळ्या मंडळाचं जेवणही करायची. गोवऱ्या पेटवून त्यांत रोडगे भाजायची, सोबत वांग्याची भाजी. बाबूलोक झाडाखाली बसून रोडगे तुपात बुडवून खायचे आणि म्हणायचे, "बाई, श्रमदानाची खरी गोडी तुमच्या हातात आहे." दुपारनंतर बहुतेकांना झोप यायची आणि टांगे परत जायचे. घरवाल्यांचं काम मग अंधार पडेपर्यंत चालायचं.

मी आईला आयुष्यात कधी इतकं खुशीत पाहिलं नाही. दोन खोल्या आणि पुढे ओटा, वर कवेलूंचं छप्पर. एवढंच घर, पण ती त्याच्याकडे अशी बघायची, जसं कोणी बाळाच्या पाळण्यात डोकावावं. जमीन तिने स्वतः धुम्मस मारून बसवली. चूल स्वतः घातली, आपल्या बसण्याच्या बेताने, कारण दुसऱ्याच्या चुलीपुढे वाकून वाकून तिची कंबर गेली होती. भिंती ओल्या असतानाच ती मला आत नेऊन दाखवायची. "इथं तुझी पुस्तकं. इथं देव. आणि हे दार पाह्य. कडी वाजवल्याशिवाय कोणी आत येणार नाही पाहजो." मग ती दार लावायची आणि उघडायची, लावायची आणि उघडायची. बिजागऱ्या नव्या होत्या, करकरायच्या.

घरं तयार झाली आणि राहायला जायची वेळ आली. आता इथे ती गोष्ट आली जी फक्त आमच्या लोकांतच होऊ शकते. वास्तुशांतीशिवाय नव्या घरात पाऊल ठेवायचं नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. गरिबांना वेगवेगळ्या पूजा परवडायच्या नाहीत म्हणून मंडळाने ठरवलं की सगळ्यांची शांत एकदम करायची, एकाच मांडवात, मंडळाच्या खर्चाने. प्रत्येक घराचा यजमान सपत्नीक पाटावर बसेल, होम होईल, आणि मग अध्यक्षांच्या हस्ते यजमानाला किल्ली. भटजींना सल्ल्यासाठी बोलावलं तेव्हा आम्ही सगळे तिथेच ओट्यावर होतो. भटजींनी एकेका घराची चौकशी केली. फिटरची बायको मागच्या वर्षी वारली होती. "हरकत नाही," भटजी म्हणाले, "कमरेला सुपारी लावून बसायचं. सुपारी पत्नीच्या जागी." पुढे आमचं घर आलं. भटजींनी आईच्या कपाळाकडे पाहिलं आणि बोलायचे थांबले.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन, आणि तोंडाळ. मी विचारलं, "मग आईच्या कमरेला सुपारी काहून नाही चालत?"

सगळे हसले. भटजीही हसले. "पुरुषाची सुपारी होत नसते, बेटा," ते म्हणाले. डॉक्टर हसले, हेडमास्तर हसले. हे दोघं वर्गणी मागायला निघाले की विधवांच्या उद्धारावर तासतासभर बोलायचे. आईने मला चिमटा काढला आणि मान खाली घातली.

वकीलसाहेबांनीच वाट काढली. वाट काढण्यात त्यांचा हातखंडा होता. "अच्छा, मग असं करू," ते म्हणाले. "बाई, तुमचा एक दीर आहे ना वर्ध्याकडे? त्याला बोलवा, बायकोसहित. गोत्र एकच, कुळ एकच. तो बसेल पाटावर. विधीपुरतं."

आईचा जीव भांड्यात पडला. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे लोक म्हणायला लागले की तिच्यावर जबरदस्ती झाली. जबरदस्ती कसली! शांत झाली नाही तर काय, या धास्तीने ती पांढरीफटक पडली होती, आणि आता वाट निघाली म्हणून तिचे हात परत जुळले. त्याच दिवशी तिने माझ्याकडून काकाला कार्ड लिहून घेतलं. तिला लिहिता यायचं नाही असं नाही, पण माझं अक्षर चांगलं होतं आणि मानाच्या बोलावण्याला अक्षर चांगलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. भाऊजींनी वहिनीची अडचण ओळखावी, जोडीने यावं, एवढा मजकूर.

काका आला. काकू, तीन पोरं, दोन ट्रंका, बिछान्याची वळकटी, आणि पाटा-वरवंटा. आई त्यांना घ्यायला स्टेशनवर गेली होती, मी सोबत होते. विधीपुरता आलेला माणूस पाटा-वरवंटा कशाला आणतो, हे माझ्या बारा वर्षांच्या डोक्यात आलं. मी आईच्या कानात बोललेही. "चूप बैस," ती म्हणाली, "मानाचे पाहुणे आहेत." काकाची जिनिंगमधली नोकरी गेली होती हे त्याने टांग्यातच सांगितलं. रडला नाही, कुरकुरला नाही, नुसतं सांगितलं. आईने तिथल्या तिथे पदर डोळ्याला लावला.

शांतीचा दिवस मला आजही तासातासाने आठवतो, पण तेवढं कुणाला ऐकवायचं नाही. मांडव, धूर, पाटांची रांग. काका रेशमी काठाच्या उपरण्यात छान दिसत होता. उपरणं माझ्या वडिलांचं होतं, आईने ट्रंकेतून काढून दिलेलं. काकूने त्याच्या हाताला हात लावला आणि भटजींनी संकल्प सांगितला. काकाचं नाव, गोत्र, आणि पुढे 'माझ्या या घराच्या शांतीसाठी' अशा अर्थाचं संस्कृत. फिटर कमरेला सुपारी लावून एकटाच बसला होता आणि कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. आमच्या घराच्या कोपऱ्यात वास्तूची प्रतिमा पुरायला खड्डा खणला होता. तो आईनेच खणून सारवून ठेवला होता. त्यात प्रतिमा ठेवून माती लोटली ती काकाने.

आई कुठे होती? मांडवामागे चुलवणापाशी. नैवेद्याचा स्वयंपाक तिच्या हातचा होता. देवाला तिच्या हातचं पुरण चालत होतं. पंगतीला वाढायला मात्र सवाशिणी.

मग अध्यक्षांचं भाषण झालं आणि किल्ल्या दिल्या. ताम्हनात किल्ली, सुपारी, वर हळदकुंकू. ज्याने पूजा केली त्याच्या हातात. काकाचं नाव पुकारलं तेव्हा तो उठला, वकीलसाहेबांच्या पाया पडला आणि किल्ली घेऊन त्याने ती कनवटीला लावली. काकूची ओटी भरली. फोटोवाला आला होता. त्या फोटोत सगळी घरवाली मंडळी आहेत, सगळे अध्यक्ष-उपाध्यक्ष आहेत, आई नाही. ती तेव्हा भांडी आवरत होती.

पाहुणे चार दिवस राहतील असं आई धरून चालली होती. नव्या घरातल्या पहिल्या सकाळी काकाने पुढच्या खोलीत आपली ट्रंक लावली, खुंट्या ठोकल्या. आम्ही दोघी मागे, चुलीच्या खोलीत. आठवडा गेला. लढाई सुरू झाली होती, कारखान्यांत माणसं घेत होते. काकाला नोकरी लागली. त्या दिवशी आईने साखर वाटली. मी तिला म्हटलं, "आई, आता हे जाणार नाहीत." ती म्हणाली, "नोकरी लागली म्हणजे ते आपलं घर पाहतील ना. आता कुठं जातील बिचारे?" महिन्याभरात काकाने कमानिया गेटच्या बाजाराकडून रंगवलेली पाटी आणली आणि दारावर ठोकली. त्याचं नाव, सुबक अक्षरात.

पाटी बघितल्यावर आईचा आवाज प्रथम निघाला. "भाऊजी, हे काय करून राहिले?"

"काय झालं, वहिनी?" काका म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. "घराला पाटी नको? पोस्टमन विचारून राहिला होता."

"पण घर तर..."

"घर तुमचंच आहे जी. मी कुठं तुम्हाला जा म्हणून राहिलो? मी बसलो पाटावर, वास्तू मी पुरली, आता तिची काळजी मलाच घ्यावी लागंल. सोडून गेलो तर पाप मलाच लागंल ना."

असा तो माणूस. दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर आईने शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा केलं असतं, रडली असती, भांडली असती. पण तो तिला वहिनी म्हणून मान द्यायचा, सणाला लुगडं आणायचा, आणि पुढच्या खोलीत ऐसपैस झोपायचा. काकूचं तसं नव्हतं. तिने हळूहळू चूल ताब्यात घेतली. "जाऊबाई, तुम्ही दिवसभर लोकांची चूल फुंकता, घरी तरी बसा," असं गोड बोलून. मग डब्यांच्या जागा बदलल्या, मग देव पुढच्या खोलीत गेले, आणि एक दिवस चूलही मोडून तिच्या सोयीने दुसऱ्या भिंतीला घातली. आमच्या मागच्या खोलीतून आता काकूची पोरं, काकूच्या मैत्रिणी, पाणी भरणारी, सगळे जाऊ-येऊ लागले, कारण मागच्या अंगणात जायला वाट तिथूनच होती.

आई वकीलसाहेबांकडे गेली. म्हणजे जायचं काय, रोज तिथेच स्वयंपाकाला होती. दुपारची जेवणं झाल्यावर ते बंगईवर झोके घेत सुपारी चघळत बसायचे. आई दाराशी उभी राहिली. माझी शाळा सुटली होती, मी तिच्या मागे होते, त्यामुळे हे बोलणं मी कानांनी ऐकलेलं आहे.

"साहेब, भाऊजी काही जायचं नाव घेत नाहीत. तुम्ही म्हणाले होते, विधीपुरतं."

"म्हणालो होतो ना. पण आता इथंच नोकरी लागली त्याला. चांगलंच झालं! वाढत्या पोरीला घेऊन तुम्ही एकट्या कशा राहिल्या असत्या त्या उजाड जागेत? बाईमाणसाला घरात पुरुषाचा आधार पाहिजे."

"ते घर तुम्ही मला दिलं होतं, साहेब."

त्यांनी बंगई थांबवली. रागावले नाहीत. कोर्टात साक्षीदाराला समजावतात तसं हळू बोलले. "घर आम्ही कुटुंबाला दिलं, बाई. कुटुंबाचा कर्ता घरात आहे. आता दिरा-भावजयीच्या मधात मंडळानं पडावं काय? लोक काय म्हणतील? आणि तुम्हाला कोणी घराबाहेर काढलं आहे का?"

"नाही जी."

"मग? चलो, आता मनातून काढून टाका हे. चहा टाकाल थोडा?"

आईने चहा टाकला. मी बाहेर येऊन त्यांच्या कुंडीतली शेवंती मुळापासून उपटून टाकली आणि मला त्याबद्दल आजतागायत काडीइतकाही पस्तावा झालेला नाही.

डॉक्टरांकडेही ती गेली होती, हेडमास्तरांकडेही. दोघांनी ऐकून घेतलं, दोघांनी चुकचुक केलं, दोघांनी सांगितलं की वकीलसाहेबांशी बोलून बघा. मंडळाचं लक्ष तोवर दुसरीकडे लागलं होतं. वस्तीच्या तोंडाशी संगमरवरी शिळा बसवायची होती, बांधणाऱ्यांच्या नावांची. कुणाचं नाव कुणाच्या आधी, यावरून दोन सभा झाल्या आणि हेडमास्तर रागावून निघून गेले. आईच्या घराचा प्रश्न एकाही सभेत निघाला नाही.

दोन वर्षं आम्ही त्या मागच्या खोलीत काढली. मग काकूच्या भावाचं कुटुंब आलं आणि आमच्या अंथरुणालाही जागा उरेना. हे वकीलसाहेबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी पुन्हा वाट काढली. त्यांच्या बंगल्यामागे स्वयंपाकघराला लागून एक खोली रिकामी होती. तिथे दोघींनी राहावं, भाडं नाही, आईने दोन्ही वेळचा स्वयंपाक पाहावा, आला-गेला पाहावा. आईने बाकीची घरं सोडली. त्यांना चोवीस तासांची स्वयंपाकीण मिळाली आणि वर नावही झालं. आल्या पाहुण्याला ते तिच्यासमोर सांगायचे, "निराधार बाई आहेत, आमच्या आश्रयाला असतात." ज्या माणसाने भर सभेत तिला घर जाहीर केलं, त्याच्याच तोंडून ती निराधार झाली. ती तव्यावरची पोळी उलटायची.

त्या खोलीतून मी शिकले. नॉर्मल स्कूलला गेले, मास्तरीण झाले. आईला घेऊन मी शाळेच्या क्वार्टरमध्ये राहायला आले तेव्हा मध्यप्रांताचं नावही पाटीवरून गेलं होतं. काका केव्हाच वारला होता. मदन महालकडचं ते घर त्याच्या मुलांनी वाढवून मोठं केलं, वर मजला चढवला. रस्त्यावरून जाताना मी तोंड फिरवून घ्यायची. आई मात्र बघायची, आणि कवेलू काढून स्लॅब टाकला, बरं केलं, असं काहीतरी म्हणायची.

तिच्या शेवटच्या वर्षांत एकदा ती मेथी निवडत बसली होती. मी परीक्षेचे पेपर तपासत होते. इतकी वर्षं जे विचारायचं राहिलं होतं ते माझ्या तोंडून निघून गेलं. "आई, त्या दिवशी तूच बसली असतीस पाटावर, तर काय झालं असतं?"

तिला कोणता दिवस ते विचारावं लागलं नाही. "घराला अशुभ लागलं असतं," ती म्हणाली.

"तुला खरंच असं वाटत होतं?"

"अजूनही वाटतं."

"आणि हे जे झालं ते? तू खपलीस, तू बांधलंस, आणि एक रात्रही ते तुझं झालं नाही. हे काय मग?"

तिने मेथीची काडी मोडली, पानं वेगळी केली. "हे माणसांनी केलं," ती म्हणाली. "ते माझ्यानं झालं असतं."

एवढं बोलून ती भाजी धुवायला उठली. वकीलसाहेबांवरचा राग मी म्हातारपणात बराचसा विसरले आहे, काकाचा तर मला मुळात फार राग नव्हताच. पण त्या संध्याकाळी आईचा जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि ती गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली.